तिसऱ्या ओळीतला पाच

लिसिआतेने शेवटचा आकडा दाबला, टॅब गुडघ्यावर नीट टेकवला आणि कावाच्या भांड्याभोवती बसलेल्यांना म्हणाला, "आता ऐका."

दिवेलागण झाली होती. चर्चमागच्या पडवीत रोजचीच माणसं होती आणि कावाची, त्या मुळांच्या गढूळ पेयाची, पहिली वाटी नुकतीच फिरून आली होती. टॅबमधून गाणं सुरू झालं. चारही आवाजांच्या ओळी एकदम वाजत होत्या. लय बरोबर होती, थांबायच्या जागा बरोबर होत्या. पण गाणं ते नव्हतंच. गावाने लहानपणापासून म्हटलेलं, लग्नात आणि मयतीत म्हटलेलं गाणं कुठल्या तरी परक्या देशातून रडत आल्यासारखं वाटत होतं. एखाद्या मराठी माणसाने ऐकलं असतं तर तो भैरवी म्हणाला असता. लिसिआतेला ते नुसतं चुकीचं वाटलं.

गाणं संपलं. माकाने हातातली नारळाची वाटी खाली ठेवली.

"मास्तर," तो म्हणाला, "हे गाणं आजारी आहे."

सगळे हसले. लिसिआते हसला नाही.

"सुरांचे आकडे बरोबर आहेत. कागद समोर ठेवून एकेक घातलाय मी."

"मग यंत्र आजारी असेल. कुठलं आहे?"

"सालोमेने पाठवलंय. ब्रिस्बेनहून."

"पाठवलं कुठून ते नाही विचारलं. बनवलं कुठे? ब्रिस्बेनमध्ये आपली पोरं कोंबड्या कापतात, यंत्रं नाही बनवत."

माका लिसिआतेचा लहानपणापासूनचा दोस्त. मासे मारायचा, आणि चर्चमध्ये लिसिआतेच्या डाव्या खांद्यामागे उभा राहून गायचा. त्याच्या बोलण्याचं लिसिआतेला वाईट वाटायचं नाही. पण त्या दिवशी लिसिआतेने टॅब फडक्यात गुंडाळला, दुसरी वाटी न घेताच उठला आणि घरी गेला.

तो गावच्या चर्चचा गाण्याचा मास्तर होता. काकानंतर हे काम त्याच्याकडे आलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गाणाऱ्यांचे सुरांच्या उंचीप्रमाणे चार गट असत आणि गाव त्यांना सरळ नावांनीच ओळखायचं: वरच्या बायका, खालच्या बायका, वरचे पुरुष, खालचे पुरुष. लिसिआते स्वतः खालच्या पुरुषांत गायचा आणि गाता गाता हाताने सगळ्यांना चालवायचा. खालच्या बायकांना त्याची बायको लूपे सांभाळायची.

लूपे गेली त्याला अजून वर्ष भरलं नव्हतं. लिसिआते दुखवट्याच्या काळ्या कपड्यांतच होता. खालच्या बायका आता तिघी उरल्या होत्या: लूपेची धाकटी बहीण वासिती, शेजारची एक म्हातारी, आणि फाताई नावाची नुकती लग्न होऊन आलेली मुलगी. तिघींनाही सूर होता. पण इतकी वर्षं सगळ्यांनी लूपेच्या आवाजाला धरून गायचं अशी सवय. आता धरायला काही नव्हतं, म्हणून त्या दोन ओळी नीट म्हणायच्या आणि मग हळूच वरच्या बायकांच्या चालीवर सरकायच्या. बरणीतलं तेल एका बाजूला कलंडावं तसं सगळं गाणं कलंडायचं.

एरवी त्याने चालवून घेतलं असतं. पण जूनमध्ये टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाला, चर्चची मोठी सभा होती. शेवटच्या दिवशी सगळ्या बेटांवरचे गायक एकत्र उभे राहून एकच गाणं म्हणणार होते, आणि यंदा ते गाणं हापाईचं होतं, त्यांच्याच बेटावरच्या जुन्या माणसाने बांधलेलं. प्रत्येक गाव ते आपापल्या सवयीने म्हणायचं. म्हणून राजधानीहून छापील कागद आला होता: यात आहे तसंच म्हणा.

"हजार माणसांत तीन बायकांना कोण ऐकणार?" माका म्हणाला होता.

"मी ऐकणार," लिसिआते म्हणाला होता.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याने माकाला सांगितली नव्हती. खालच्या बायका सगळ्या गाण्यात भरकटायच्या, पण तिसऱ्या ओळीच्या शेवटी मात्र तिघीही पाचावर येऊन घट्ट बसायच्या, अगदी लूपे बसायची तशा. ती जागा त्यांच्या अंगातच गेली होती. त्या एका सुरापुरती लूपे तिथे असायची. पुढची ओळ सुरू झाली की नसायची. लिसिआते तालमीला जायचा तो खरं तर तेवढ्यासाठी. तिचे कपडे तिच्या बहिणींनी नेले होते, तिच्या हाताची चटई वापरून झिजत चालली होती. हा पाच तेवढा रोज नवा ऐकू यायचा. टॅबवर गाणं घातलं, की त्या बायकांना ते ऐकून घोकता येईल, त्या पुन्हा भक्कम होतील आणि हा पाच राजधानीपर्यंत पोचेल, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मुलीला, सालोमेला, फोन लावला. ती ब्रिस्बेनला म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करायची. जेवणाच्या सुट्टीत तिचा चेहरा टॅबवर आला, तोंडात घास होता.

"वाजवा बघू," ती म्हणाली. त्याने वाजवलं. तिने घास गिळला आणि हसायला लागली.

"बाबा, सा कुठून धरलात?"

"तीनावरून. आणखी कुठून धरणार?"

"तसं नाही तिथे. त्या ॲपमध्ये सा एकावर असतो. सगळीकडे एकावरच असतो."

"सगळीकडे म्हणजे कुठे?"

"आपल्या बेटांबाहेर सगळीकडे."

लिसिआते टॅबकडे बघत राहिला. टोंगात सूर आकड्यांनी लिहितात आणि सा तीनावर असतो. तीन, चार, पाच, असं नवापर्यंत. बाप तसंच शिकतो, पोर तसंच शिकतं. फळ्यावर पहिल्यांदा गाणं बघितलं तेव्हापासून त्याने दुसरं काही पाहिलं नव्हतं. त्या परक्यांच्या मोजणीत तीन म्हणजे ग. सगळं गाणं दोन पायऱ्या वर जाऊन बसलं होतं, म्हणून त्याचा चेहरा बदलला होता.

"मग आपले एक आणि दोन कुठे गेले?" त्याने विचारलं.

"ते हे आकडे शिकवणाऱ्या गोऱ्या पाद्रींना विचारा. त्यांनी ठेवून घेतले असतील."

"आता सगळं पुन्हा घालू?"

"नाही हो. सगळ्यांवर बोट फिरवून निवडा. रंग बदलला? आता धरून दोन घरं खाली ओढा."

जीभ दातांत धरून त्याने ओढलं. पडद्यावरच्या सुरांच्या चारी रंगांच्या विटा एकदम खाली सरकल्या. त्याने वाजवलं आणि गाणं घरी आलं. चौथ्या ओळीपर्यंत तो बोटाने ताल धरून होता. सालोमेनेही पुढचा घास घेतला नाही. तिच्या आईचं आवडतं गाणं होतं ते.

"जेवलात का?" तिने शेवटी विचारलं.

"जेवलो."

"काय?"

"यामचा कंद उकडला."

"आणि?"

"आणि याम."

"वासितीमावशीला सांगते," ती म्हणाली. तेवढ्यात तिची घंटा वाजली.

त्या संध्याकाळी तालमीला त्याने टॅब चर्चच्या सभागृहात खिडकीच्या कट्ट्यावर उभा केला आणि बाकीच्या ओळी बंद करून फक्त खालच्या बायकांची ओळ लावली. बासरीसारखा आवाज होता. तिघी बाकावर पुढे वाकून ऐकू लागल्या. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. म्हातारी मान डोलावत होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटी बासरी वर चढली आणि म्हातारीची मान थांबली.

"हे काय?" ती म्हणाली.

"आठ," लिसिआते म्हणाला. "कागदावर आठ आहे." त्यालाही ते आकडे घालताना खटकलं होतं, पण तेव्हा तो नुसते आकडे मोजत होता, गात नव्हता.

"लूपे पाच म्हणायची."

"हो."

"मग पाच घाला की."

वासिती काही बोलली नाही. ती हातातल्या पंख्याने वारा घेत होती. लिसिआतेने टॅबवर चार आवाजांखाली नवी पाचवी ओळ उघडली, तिला पिवळा रंग दिला, आणि लूपे म्हणायची तशी ती भरली. फरक फक्त त्या एका जागी होता. मग छापील ओळीच्या जागी ती लावून चारही आवाज एकदम वाजवले, म्हणजे बायकांना आपली जागा सापडेल.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी गाणं खरवडलं. ताटावर सुरी ओढल्यासारखं. गाण्यात एक सोडून एक आकडे एकत्र आले तर जमतात, शेजारशेजारचे आले तर भांडतात, एवढं गावातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. खाली पुरुषांचा सहा होता आणि त्याच्या शेजारी लूपेचा पाच.

त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

"म्हणजे," फाताई हळूच म्हणाली, "लूपेकाकू इथे चुकायची?"

मुलगी नवी होती, तिच्या मनात काही नव्हतं. पण सभागृहात सगळ्यांनी ते ऐकलं. वरच्या बायकांपैकी एकीने दुसरीकडे पाहिलं. मास्तरच्या बायकोला सांगणार होतं कोण, असं ते पाहणं होतं. म्हातारी कागदावर डोळे बारीक करून बघायला लागली.

"यंत्राला काय कळतंय," माका मागून म्हणाला.

"यंत्र कागदावरचंच वाजवतंय," लिसिआते म्हणाला. त्याने पिवळी ओळ बंद केली. "उद्यापासून कागदाप्रमाणे म्हणायचं. आठ."

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. तालीम लवकर सुटली.

सकाळी त्याने टॅब घेऊन अंगणात फणसाच्या झाडाखाली चटई टाकली. राजधानीत ते गाणं लूपेशिवाय ऐकावं लागणार होतं. तर आधीच ऐकून कान सरावून घ्यावेत, हजार लोकांसमोर हात डगमगायला नको, असं त्याने ठरवलं. त्याने पुरुषांची खालची ओळ बंद केली आणि ती स्वतः म्हणत टॅबमध्ये भरली. बाकीच्या तीन ओळी छापील, चौथा तो. मग ऐकायला लागला.

आपला आवाज असा बाहेरून त्याने कधी ऐकला नव्हता. जाड होता आणि थोडा गर्विष्ठ वाटला. तिसऱ्या ओळीच्या शेवटी गाणं पुन्हा खरवडलं.

लिसिआते चटईवर सरळ बसला. काल लूपेचा पाच खरवडला होता. आज तर टॅबमधल्या बायका छापील आठ म्हणत होत्या आणि तरी खरवडत होतं. त्याने परत लावलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने छापील ओळ बंद करून लूपेची पिवळी चालू केली. या वेळी ती जागा आली आणि गेली, काही झालं नाही. गाणं तिथून निर्मळ पाण्यासारखं पुढे गेलं, गावात ते नेहमी जायचं तसं.

त्याने छापील कागद ओढला आणि खालच्या पुरुषांच्या ओळीवर बोट ठेवलं. चार, पाच, सहा. त्याने तोंडाने म्हटलं. चार, पाच, आणि आवाज सातावर गेला. पुन्हा म्हटलं. पुन्हा सात. बोट सहावर होतं.

"माका," त्याने कुंपणापलीकडे हाक मारली. माका जाळं शिवत होता. "तिसरी ओळ म्हण बघू."

"आत्ता? बिनाचहाचा?"

"म्हण."

माकाने बसल्या जागी म्हटली. सात.

"तू सात म्हणतोस."

"तू म्हणतोस तेच म्हणतो. जन्मभर तुझ्या मागे उभा आहे ना."

"तिथे सहा आहे."

माकाने सुई दातांत धरली आणि थोडा विचार केला. "असेल," तो म्हणाला. "मी आयुष्यात कधी कागद बघितलाय?"

काकाने तसं शिकवलं होतं, की तरुणपणी आपणच कधीतरी जोरात वर गेलो आणि तिथेच राहिलो, हे आता सांगता येणार नव्हतं. सात म्हटलं की बायकांचा आठ त्याच्या शेजारी येतो आणि भांडतो. लूपेने पहिल्याच तालमीत ते ऐकलं असणार. तिच्या कानातून काही सुटायचं नाही. मग तिने आपला आठ सोडला आणि खाली पाचावर येऊन बसली, सातापासून एक सोडून. सगळ्या गावाला वाटलं, गाणं असंच आहे.

वासिती आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेलं लू होतं, अळूच्या पानांत नारळाच्या दुधासह भाजलेलं मांस.

"सालोमेचा फोन आला होता," ती म्हणाली. "दाजी, तुम्ही फक्त याम खाता म्हणे. माणूस आहात की डुक्कर?"

"बस," तो म्हणाला. "हे ऐक."

त्याने आधी एक वाजवलं, मग दुसरं. वासितीने दोन्ही ऐकलं आणि पान सोडायला घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काही नवल दिसलं नाही.

"तुला माहीत होतं," लिसिआते म्हणाला.

"होतं."

"आणि काल गप्प बसलीस. सगळ्यांनी तिला चुकीची ठरवली तेव्हा."

"मग काय करू? भर तालमीत उठून सांगू की ती नाही, दाजी चुकतात? ते तिने जन्मात केलं नाही. ती गेल्यावर मी करू?" वासितीने बोटाला लागलेलं दूध चाटलं. "रात्रभर झोप नाही आली मला. म्हणून तर सकाळी उठून तुमच्यासाठी रांधलं. एरवी मी कशाला?"

"ती कधी काही बोलली?"

"मीच बोलले होते तिला. तुमचं लग्न नवं होतं तेव्हा. म्हटलं, ताई, सांग की त्यांना. आपल्याला आठावर जायचंय. तुम्हा पुरुषांना नाही कळायचं, दाजी. खालच्या बायका अख्खं गाणं जमिनीला धरून असतात. वरच्या बायका मिरवतात आणि आम्ही त्यांच्या पायाखाली फळी धरून उभ्या. या गाण्यात आम्हाला वर जायला ती एकच जागा दिलीय. त्या म्हाताऱ्याला दया आली असेल गाणं बांधताना. त्या एका जागेसाठी बाई गाणं शिकते."

"मग?"

"मग काय. म्हणाली, त्यांना तिथे वर जायला आवडतं. जाऊ दे. तिथे पोचल्यावर त्यांचं तोंड बघ एकदा."

लिसिआतेने खाली बघितलं. "आणि तू बघितलंस?"

"बघितलं," वासिती म्हणाली. "विशेष काही नव्हतं."

त्याला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते त्याच्या लक्षात आलं, आणि मग हसू थांबवताही येईना आणि नुसतं हसूही राहीना. वासितीने लूचं पान त्याच्यापुढे सरकवलं आणि ती रस्त्याकडे बघत बसली. तिथे एक डुकरीण आपली पिलं घेऊन चालली होती. वासितीने तिला जायला भरपूर वेळ दिला.

"सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं," तो शेवटी म्हणाला.

"ऐकलं असतंत. आणि आठवडाभर तोंड पाडून बसला असता. तेही तिला माहीत होतं." तिने पदर झटकावा तशी कमरेला वस्त्रासारखी गुंडाळलेली चटई झटकली. "आता काय करणार आहात? पाच ठेवायचा असेल तर ठेवा. मी तुमच्या बाजूने बोलेन. हजार लोकांत कोण ऐकतंय."

दिवसभर त्याने तोच विचार केला. पाच ठेवायचा तर सात ठेवायला हवा. आपण सात म्हणायचं, माकाने म्हणायचं, आणि राजधानीत हजार लोक सहा म्हणत असताना आपल्या गावाने खरवडायचं. तेही जमलं असतं. माका म्हणतो तसं कोणाला ऐकूही गेलं नसतं. पण पाच ठेवला की त्याखाली त्याची चूक ठेवणं आलं, आणि लूपेच्या माघारी तिघी बायकांना त्या चुकीभोवती बसवणं आलं. लूपेने ते स्वतःहून केलं होतं. फाताईने का करावं? ती तर त्याची कोणी नव्हती. पाच सोडला तर मात्र तालमीतलं त्याचं जे होतं ते गेलं. असं दोन्हीकडून बघता बघता दुपार टळली.

तालमीला तो बाकासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तिसऱ्या ओळीच्या शेवटी मी चुकत आलोय. तिथे सहा आहे, मी सात म्हणतो. माझ्या मागचे सगळे सात म्हणतात. लूपेचं बरोबर होतं. माझ्या साताशी जुळेल असं तिने धरलं होतं."

मास्तरने असं बोलायची तिथे रीत नव्हती. एक म्हातारा खोकला.

"म्हणजे काकू चुकत नव्हती," फाताई म्हणाली. ती रडवेली झाली होती.

"नाही. आणि तू विचारलंस ते बरं केलंस. आता पुरुषांनी सहावर थांबायचं आणि तुम्ही आठावर जायचं."

बोलणं सोपं होतं. पुरुषांचे पाय आपोआप ती पायरी चढत होते. लिसिआतेने टॅबवर फक्त तेवढा तुकडा कापून पुन्हा पुन्हा फिरत ठेवला: चार, पाच, सहा, चार, पाच, सहा. टॅब सहा म्हणायचा, पुरुष सात म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने लिसिआते सात म्हणायचा.

"मास्तर," माका म्हणाला, "या यंत्राला एक वाटी कावा द्या. बिचारं एकटंच बरोबर आहे."

बायकांचंही सोपं नव्हतं. आठ उंच होता. म्हातारी तिथवर पोचतच नव्हती, ती अलीकडेच थांबून नुसतं तोंड उघडायची. वासितीचा आवाज तिथे फाटला आणि वरच्या बायका तोंडावर हात धरून हसल्या. वासिती त्यांना म्हणाली, "हसा. तुम्हाला रोजचं आहे."

घरी गेल्यावर लिसिआतेने पिवळी ओळ पुसली नाही. दुसरं पान उघडून तिथे ती उतरवून घेतली, आणि तिच्याखाली फणसाखाली भरलेला आपला आवाज लावला, सातासकट. त्या दोघांनाच एकमेकांचा उपयोग होता, दुसऱ्या कोणाशी त्यातलं काहीच जुळलं नसतं. त्याने ते एकदा ऐकलं आणि टॅब चार्जिंगला लावला. याबद्दल त्याने कोणाला सांगितलं नाही.

सभेला जायच्या दिवशी बोट उशिरा येणार होती. सगळं गाव धक्क्यावर बसलं होतं, चटयांच्या गुंडाळ्या, यामच्या टोपल्या आणि एक पाय बांधलेलं डुक्कर घेऊन. ऊन चांगलं होतं आणि वारा थंड. पाद्रींनी विचारलं, नुसतं बसण्यापेक्षा एकदा म्हणून घ्यायचं का? लिसिआतेने टॅब पिशवीतून काढला नाही. तो उभा राहिला, लोक उठून आपापल्या जागी आले, आणि त्याने हात उचलला.

पहिली ओळ वाऱ्याने थोडी इकडेतिकडे गेली. दुसरी बसली. तिसरी सुरू झाली तेव्हा त्याने म्हणणं थांबवलं. आपण म्हटलं तर सात येईल हे त्याला माहीत होतं. पुरुष त्याच्याशिवाय पुढे गेले. चार, पाच. माकाने डोळे मोठे केले, हनुवटी छातीला लावली, आणि सहावर थांबला. त्याच्यामागे सगळे थांबले.

लिसिआते सवयीने पाच ऐकू यायची वाट बघत होता. पाच कुठेच नव्हता. त्याच्या जागी खालून एक दार उघडल्यासारखं झालं आणि फाताईचा आवाज वर आला, आणि त्याच्या मागोमाग वासितीचा. या वेळी तो फाटला नाही. ती आठावर पोचली. असा आठ त्या गाण्यात होता आणि तो इतका चांगला होता, हे लिसिआतेला आत्ता कळत होतं. लूपेला हे पहिल्यापासून माहीत होतं.

चौथी ओळ सुरू करायची वेळ झाली. वरच्या बायकांनी श्वास घेतला. वासिती मात्र अजून आठावरच होती. तिला खाली यायची घाई नव्हती.

लिसिआतेने हात तसाच वर धरून ठेवला आणि तिला राहू दिलं.